एका राज्याचं उत्तर आलेलं नाही

आमच्या कचेरीत कोणी काहीच ठरवत नसे. कुचेष्टेने नाही म्हणत, कामाचा नेमच तसा होता. ठरवायचं ते केंद्राने आणि राज्यांनी. आम्ही त्यांना एका टेबलाशी बसवायचं, कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं, आणि बोललेला माणूस 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणायच्या आत त्याची सही घेऊन ठेवायची. केंद्र एक, राज्यं बारा, बैठका वर्षाला दोन. दारावर 'समन्वय परिषद' अशी पाटी होती. ती वाचून लोक आत यायचे आणि रहिवासाचा दाखला इथे मिळतो का, असं विचारून परत जायचे.

मी आवक-जावकला होतो. आलेलं पत्र नोंदवहीत चढवायचं, शिक्का मारायचा, ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं. जाणाऱ्या पत्राचंही तेच. छत्तीस वर्षं हेच केलं. स्वभाव मुळात तिरसट, त्यात दिवसभर शिक्के आपटायचं काम, त्यामुळे माझ्या टेबलाशी कोणी उगाच रेंगाळत नसे. अपवाद एकच, खिडकीजवळच्या बाई. त्या मला आवकराव म्हणायच्या. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी शिक्का फेकून मारला असता.

बाई परिषदेचं इतिवृत्त लिहायच्या. ऐकायला सोपं वाटतं. बैठकीत तेरा तोंडं एकदम बोलायची, बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून टिपून घ्यायच्या, मग मसुदा करून बारा राज्यांना पाठवायच्या. खरा खेळ तिथून सुरू व्हायचा. एक राज्य कळवायचं, आमच्या मंत्र्यांनी विरोध केला नव्हता, चिंता व्यक्त केली होती. दुसरं कळवायचं, आमचीही चिंताच होती, पण ती तीव्र होती आणि 'तीव्र' हा शब्द गळला आहे. केंद्र म्हणायचं, तीव्र असं काही आमच्या कानावर आलं नाही. मग बाई फोन पुढे ओढून बसायच्या आणि सगळ्यांना चालेल असं वाक्य शोधून काढायच्या. 'तीव्र'च्या जागी 'वारंवार' घातलं की दोन्ही बाजू खूश. त्यांच्या पाठीमागे सगळी कचेरी त्यांना दुरुस्तीबाई म्हणायची आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घरीही तीच तऱ्हा. यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. मुलगा नोकरीला लांब होता. त्याचं पत्र आलं की दोघं मिळून आधी त्यातल्या चुका काढायचे आणि मग परत पहिल्यापासून वाचून हळवे व्हायचे. हे मला बाईंनीच सांगितलं, आणि सांगताना स्वतःच इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

प्रत्येक राज्याच्या राजधानीत बाईंसारखाच एकेक कारकून हा पत्रव्यवहार सांभाळायचा. असे बारा जण. बाईंनी त्यांच्यापैकी एकालाही पाहिलेलं नव्हतं. बैठकीला मंत्री यायचे, सचिव यायचे, त्यांचे सामान उचलणारे यायचे. हे बारा कारकून मात्र आपापल्या टेबलाशी. पण फोनवर वर्षानुवर्षं बोलणं. कोणाच्या आईचं गुडघ्याचं दुखणं, कोणाची बदली, कोणाचा साहेब नाकावर माशी बसू न देणारा, बाईंना सगळं माहीत. बोलताना त्या समोरच्याला भाऊ म्हणायच्या, आमच्याशी बोलताना त्याच्या मुलखावरून ओळखायच्या: खाडीवाले, सपाटीवाले, डोंगरवाले.

आता आमच्या नियमावलीतलं नववं कलम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मसुदा पाठवल्यापासून एकवीस दिवसांत राज्याचं लेखी उत्तर आलं नाही, तर त्या राज्याची संमती आहे असं धरायचं. कलम तसं शहाणपणाचं होतं. ते नसतं तर एकेका राज्याने सगळ्या देशाचं घोंगडं भिजत ठेवलं असतं. पण या कलमाने एकदा घात केला होता, आणि त्यात माझा हात होता.

बाई नवीन होत्या तेव्हाची गोष्ट. दोन राज्यांच्या मधून वाहणाऱ्या नदीत एक लाँच चालायची, होडी एका राज्याची, खलाशी दुसऱ्याचे. ती बंद करावी असा विषय होता. त्यातल्या एका राज्याने नको म्हणून वेळेत कळवलं, पण थेट आमच्याकडे न पाठवता केंद्राच्या खात्यामार्फत. खात्याने वर आपलं पत्र जोडलं आणि पुढे धाडलं. मी वरचं पत्र पाहिलं, 'केंद्र' म्हणून नोंद केली आणि केंद्राच्या खणात टाकून मोकळा झालो. पानसुद्धा उलटलं नाही. एकविसावा दिवस गेला, बाईंनी संमती लिहिली, लाँच बंद झाली. चाळीस दिवसांनी ते पत्र सापडलं तेव्हा खलाशांच्या बदल्या होऊन गेल्या होत्या आणि नदीतल्या बेटावरच्या माणसांना दवाखाना गाठायला एक अख्खा दिवस लागत होता.

साहेबांनी बाईंना फैलावर घेतलं. पत्र कोणी चुकीच्या खणात टाकलं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी संध्याकाळी जाऊन कबूल केलं, तर म्हणाल्या, "तुम्ही निदान वरचं पत्र तरी पाहिलंत. मी काहीच न पाहता 'संमती' लिहिलं." त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला. अठराव्या दिवशी बाई उत्तर न आलेल्या प्रत्येक राज्याला फोन करायच्या आणि हो किंवा नाही हे कानाने ऐकल्याशिवाय सोडायच्या नाहीत. सांगितलं कोणी नव्हतं. मीही तेव्हापासून प्रत्येक पत्राचं शेवटचं पान आधी बघतो.

डोंगरवाले बाराही जणांत सर्वांत मितभाषी. माणूस पाच शब्दांत उत्तर द्यायचा आणि त्यातले दोन 'ताई' असायचे. एकदा दोघं एका परिच्छेदावर अडली होती, तेवढ्यात पलीकडे टेबलावर दाणदाण थापा पडल्या. बाई दचकल्या. डोंगरवाले ओशाळून म्हणाले, माझी मुलगी आहे, सहा वर्षांची, ऐकू येत नाही तिला, बाबाचं लक्ष नसलं की टेबल वाजवते. तिची शाळा त्यांच्या कचेरीसमोरच होती. ऐकू न येणाऱ्या मुलांची. इमारत राज्याची, शिक्षक केंद्राचे, अशी सामायिक. चार वाजता शाळा सुटली की पोर रस्ता ओलांडून बापाच्या टेबलाशी येऊन बसायची.

त्यानंतर चारच्या सुमाराला फोन असला की बाई आधी तिची चौकशी करायच्या. शाळेत ती हातांची भाषा शिकली, आईबापांनाही शिक्षकांनी बोलावून शिकवली, आणि एके दिवशी डोंगरवाल्यांनी चक्क पाचाच्या वर शब्द खर्च करून सांगितलं की काल रात्री जेवताना आम्ही तिघं पहिल्यांदा भांडलो, ताई, नीट भांडलो, तिने मला खोटारडा म्हटलं. बाईंनी फोन ठेवला आणि आनंदाने मला येऊन सांगितलं. मग एक रंगीत पेन्सिलींची पेटी सरकारी टपालातून डोंगरात गेली. तिकिटं बाईंनी स्वतःची लावली, हे नोंदवहीच्या धन्याने नमूद करणं भाग आहे. उलट टपाली बाईंचं चित्र आलं. पोरीने कधी पाहिलेलं नसल्याने चेहरा अंदाजाने काढला होता, कान मात्र सुपाएवढे. बाबा तिला हातांनी सारखा सांगायचा ना, ताई ऐकतायत, ताई ऐकतायत. बाईंनी ते काचेखाली ठेवलं. साहेब लोक बघून जायचे, विचारायची कोणाची छाती झाली नाही.

पुढे तीन वर्षांनी बैठकीत चौदा क्रमांकाचा विषय आला. सामायिक शाळांमधून केंद्राने आपले शिक्षक काढून घ्यावेत, शाळा राज्यांनी आपल्या माणसांवर चालवाव्यात. बाकीच्या अकरा राज्यांचं काही अडणार नव्हतं, त्यांच्याकडे शिक्षक होते. डोंगरातल्या राज्याकडे असं शिकवणारा एकही माणूस नव्हता. शिक्षक गेले की शाळेला कुलूप, आणि पुढची शाळा दोन दिवसांच्या वाटेवर. नऊ वर्षांच्या पोरीने एक तर परक्या गावी राहायला जायचं, नाहीतर घरी बसायचं.

त्या राज्याचे मंत्री बैठकीत विषयावर काहीच बोलले नाहीत. मूग गिळून बसले. कारण कचेरीत सगळ्यांना माहीत होतं: त्याच राज्याला केंद्राकडून एक मोठा पूल हवा होता. पुलाची गरज खरी होती, ते मी नाकारत नाही. पण शाळा घ्या आणि पूल द्या, असं तोंडाने कोण म्हणणार?

मसुदा गेला. अकरा राज्यांची उत्तरं आली. डोंगरातून काही नाही. अठराव्या दिवशी बाईंनी फोन लावला. मी शिक्के बाजूला ठेवले. मला इकडची बाजूच ऐकू येत होती. पलीकडची बाईंनी नंतर सांगितली.

"भाऊ, चौदाव्याचं उत्तर?"

"फाइल साहेबांच्या टेबलावर आहे, ताई."

"कधी निघेल?"

"नाही निघणार. बावीस तारखेपर्यंत तिथेच ठेवा म्हणालेत."

बावीस तारीख म्हणजे एकवीस दिवसांनंतरचा दिवस. म्हणजे सगळं बेतून चाललं होतं. राज्य म्हणणार, आम्ही कुठे हो म्हटलं? केंद्र म्हणणार, आम्ही कुठे लादलं, संमती होती. दोघांचे हात कोरडे आणि शाळेला कुलूप. बाईंनी मुलगी बरी आहे ना, एवढं विचारलं. बरी आहे, म्हणाला. त्या माणसाने पोरीसाठी एक शब्द टाकला नाही. बाईंनी काही करावं असं सुचवलंसुद्धा नाही. बाईंना तेच फार लागलं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "मागितलं असतं तर मला 'नाही' म्हणता आलं असतं, आवकराव."

मी उपाय काढला. माझ्या हातात शिक्का होता. एखादं कोरं पाकीट विसाव्या दिवसाच्या तारखेने नोंदवतो, म्हटलं, राज्याचं पत्र आलं होतं पण गहाळ झालं असं लिहितो. मग सगळं पुन्हा मागवावं लागेल. गहाळ करण्याचा मला अनुभव आहेच. विनोद करायचा प्रयत्न होता. बाई हसल्या नाहीत. जे पत्र आलं नाही ते आलं म्हणायचं, मग जी संमती दिली नाही ती दिली म्हणणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय, असं त्यांनी शांतपणे विचारलं, आणि मी शिक्का खणात टाकला.

मी तिरसट माणूस, मनात आलं ते विचारूनही टाकलं. ही मुलगी ओळखीची नसती तर एवढा जीव टांगणीला लावला असतात का? "नसता लावला," त्या म्हणाल्या. "लाँच बंद झाली तेव्हा मला तिथलं कोणी माहीत नव्हतं. म्हणूनच ते इतकं सोपं गेलं."

बावीस तारखेला बाईंनी अंतिम इतिवृत्त लिहिलं. चौदाव्या विषयापुढे दरवेळचं 'सर्व राज्यांची संमती' न लिहिता त्यांनी लिहिलं: अकरा राज्यांची संमती, एका राज्याचे उत्तर आलेले नाही, विषय पुढील बैठकीत मांडावा. फोनबद्दल अक्षर नाही, म्हणजे डोंगरवाल्यांवर बालंट येऊ नये. सचिवसाहेब बाईंनी लिहिलेलं कधी वाचत नसत, डोळे मिटून सही करत. बाईंना ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी कागद पुढे ठेवताना त्या ओळीवर बोट ठेवलं. लबाडी करायची नाही म्हणजे नाही.

दार उघडं होतं. साहेबांचा आवाज सगळ्या मजल्याने ऐकला. नववं कलम पाठ आहे ना तुम्हाला, आठ महिन्यांनी निवृत्त होताय, आत्ता हे काय सुचलं, ही ओळ काढा. बाई म्हणाल्या, "मी नाही काढणार, साहेब. तुम्ही काढा. तुमच्या अक्षरात." आणि आपलं पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या नोकरीत साहेब लोक शाळा बंद करतील, लाँच बंद करतील, पण आपल्या हाताने एक ओळ खोडणार नाहीत. खोडलेली ओळ जन्मभर फायलीत राहते आणि अक्षर कोणाचं ते कोणीही सांगतं. साहेबांनी पेनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी बाईंची बदली तळघरात, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. कारण 'प्रशासकीय सोय'. इतिवृत्ताला दुसरा माणूस आला. तळघरात खिडकी नव्हती आणि फोनही नव्हता. बाईंनी काचेखालचं चित्र तेवढं बरोबर नेलं.

सहा महिने मी रोज दुपारी डबा घेऊन खाली जायचो. बाई जुनी इतिवृत्तं वर्षवार लावत बसलेल्या असायच्या. तक्रार नाही, पण बारीक झाल्या होत्या. आपण केलं ते बरोबर की नुसताच हट्ट, हे त्यांना कळत नव्हतं. पुढच्या बैठकीत मंत्री सरळ हो म्हणतील आणि शाळा जाईलच, मग मी फक्त सहा महिने ढकलले, असं म्हणायच्या. डोंगरातून खबर यायला वाट उरली नव्हती. माझ्या टेबलावरून फोन करा म्हटलं तर नाही म्हणाल्या; त्याला कशाला अडचणीत घालू.

बैठकीच्या दिवशी मी कागद वाटायला आत होतो. चौदावा विषय सर्वांत आधी निघाला, कारण तो शिल्लक होता. अध्यक्षांनी वाचलं, एका राज्याचे उत्तर आलेले नाही, आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले की ते आज मिळावं. अकरा राज्यांच्या माना एकदम एका बाजूला वळल्या. डोंगरातले मंत्री आपल्या सचिवांकडे वळले, सचिव मागच्या खुर्चीकडे, आणि मागच्या खुर्चीतल्या एका किडकिडीत माणसाने फाइल पुढे केली. या एका विषयासाठी त्याला आणलं असावं. मंत्र्यांनी फाइल उघडली, मिटली. मग म्हणाले, "शिक्षक काढू नयेत, असं आमच्या राज्याचं म्हणणं आहे."

ते चांगले गृहस्थ होते की नाही, मला ठाऊक नाही. पण 'शिक्षक घेऊन जा' हे वाक्य आपल्या तोंडून, एवढ्या लोकांसमोर, नावानिशी कागदावर जावं, हे काही त्यांना झेपलं नाही. शाळा राहिली. पूल पुढे चार वर्षं रखडला, तेही सांगून ठेवतो, म्हणजे कोणी मला एकांगी म्हणायला नको.

चहाच्या सुट्टीत तो किडकिडीत माणूस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. इतिवृत्ताच्या ताई कुठे बसतात, विचारलं. मी त्याला जिन्याने खाली नेलं. बाई स्टुलावर चढून वरच्या फळीवर गठ्ठा ठेवत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, कोणतं वर्ष हवंय?

"ताई," तो म्हणाला.

बाईंच्या हातातला गठ्ठा तिथेच राहिला. एकोणीस वर्षं फक्त कानाने ओळखलेला आवाज. त्या फळीला धरून सावकाश उतरल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, मी तर तुम्हाला चांगले जाडजूड समजत होते. तो हसला. वर काय झालं हे बाईंना अजून माहीत नव्हतं. मला सांगायची घाई झाली होती, जीभ अगदी ओठावर आली होती. पण बाईंनी विषयाचं नावच काढलं नाही. बहुधा धीर होत नव्हता. त्याच्यामागे दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "इतक्या लांब आलात, मुलीला नाही आणलंत बरोबर?"

"कशी आणणार, ताई?" तो म्हणाला. "शाळा आहे ना तिला. आज आहे, उद्याही आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्या त्याच स्टुलावर बसल्या आणि तोंडाला रुमाल लावून रडल्या, आणि तो त्यांच्याशेजारी गठ्ठ्यांच्या ढिगावर बसून राहिला.